ओव्हरहेड प्रेस: कंबर न वाकवता बार डोक्यावर कसा न्यावा

उभे राहून बार (वजने लावायचा लोखंडी दांडा) खांद्यांवरून डोक्यावर ढकलायचा आणि त्यासाठी पायांचा झटका वापरायचा नाही, एवढाच या व्यायामाचा नियम आहे. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकपासून १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत वेटलिफ्टिंगमध्ये स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यांवर, मग पायांच्या झटक्याने डोक्यावर) यांच्या जोडीने प्रेसचीही स्पर्धा होत असे. म्युनिकमध्ये सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेव यांनी प्रेसमध्ये २३५ किलो उचलले, तर जर्कमध्ये २३०. जर्कला पायांची ताकद मिळते, तरीही प्रेसचा आकडा मोठा, यातच सगळे आले. तोवर खेळाडू कंबरेतून मागे वाकून आणि नितंबांचा झटका देऊन बार वर नेऊ लागले होते. पंचांना नियमभंग ठरवणे अवघड झाले, कंबरेच्या दुखापतींचीही चिंता होती, आणि त्या ऑलिंपिकनंतर प्रेस स्पर्धेतून वगळला गेला. जिममध्ये आजही मागे वाकण्याची हीच चूक सर्वाधिक दिसते.

रॅकवर (बार टेकवायच्या स्टँडवर) बार छातीच्या वरच्या भागाइतक्या उंचीवर ठेवावा. पकड खांद्यांपेक्षा किंचित रुंद असावी. बार बोटांच्या मुळाशी नव्हे, तर तळहाताच्या खालच्या भागावर, मनगटाच्या हाडांच्या बरोबर वर टेकवावा. नाहीतर मनगट मागे मोडते आणि जोर तिथेच वाया जातो. कोपरे बारच्या किंचित पुढे असावीत.

दोन पावले मागे येऊन पाय कंबरेइतके रुंद ठेवावेत, गुडघे ताठ करावेत आणि नितंब घट्ट आवळावेत. हे आवळणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते ढिले पडले की कंबर लगेच मागे वाकते. पोटात श्वास भरून रोखावा, हनुवटी मागे घ्यावी आणि बार नाकाला लागेल की काय असे वाटावे इतक्या जवळून सरळ वर न्यावा. तो कपाळाच्या वर जाताच डोके हातांच्या मधून पुढे आणावे. शेवटी कोपरे सरळ आणि बार पावलांच्या मध्यावर हवा. खाली आणताना तोच मार्ग धरावा.

सुरुवात रिकाम्या बारने करावी. पुरुषांचा बार २० किलोचा, स्त्रियांचा १५ किलोचा असतो. पाच-पाच आवर्तनांचे तीन सेट, म्हणजे सलग पाच वेळा बार वर नेणे असे तीनदा, पुरेत. बार मध्येच अडकला, तर मागे न वाकता तो खांद्यांवर परत घ्यावा. बारच्या दोन्ही टोकांना सव्वा किलोच्या दोन प्लेटा (वजनाच्या चकत्या) लावल्या तरी एकदम अडीच किलो वाढतात आणि खांद्यांना ते लवकरच जड जाते. त्यामुळे अर्ध्या किलोच्या प्लेटा मिळाल्या तर जरूर घ्याव्यात.