लहानपणीच्या गाड्या पुन्हा जमवताय? या चुका टाळा

माळ्यावरचा डबा खाली येतो, त्यातून मॅचबॉक्स कंपनीच्या चार जुन्या, धातूच्या खेळण्यातल्या गाड्या निघतात आणि चाळिशीतला माणूस त्याच रात्री त्या चकचकीत करायला बसतो. सगळ्यात जास्त गाड्या वाया जातात त्या इथेच, या घाईत.

पितळेची भांडी चिंचेने लखलखतात म्हणून गाडीलाही लिंबू, चिंच, व्हिनेगर लावलं जातं. पण गाडीचा धातू पितळ नव्हे, झामॅक आहे: मुख्यतः जस्त, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, तांबं. आंबट काहीही जस्ताला खातं. लिंबू-मिठाच्या पाण्यात रात्रभर पडलेली गाडी सकाळी अशी दिसते: रंगाचा जिथे टवका उडाला होता तिथून आम्ल आत शिरलेलं, कडेचा रंग फुगून सुटलेला, उघडा धातू काळपट आणि खरखरीत, पोलादी आसाला गंज आणि चाकं जाम. मग घाबरून तीच गाडी थिनरमध्ये जाते. उरलेला रंग निघतो, पण खिडक्यांचं पारदर्शक प्लास्टिकही पांढुरकं होऊन सुरकुततं. कॉस्टिक सोड्याचंही तेच, तो प्लास्टिक सोडून जस्त धरतो. पन्नास वर्षं टिकलेली गाडी दोन दिवसांत संपते आणि ती परत आणता येत नाही.

आधी रंगकामाचा कोरडा, मऊ ब्रश फिरवा. निम्मी घाण तेवढ्यानेच जाते. उरली तर वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, कापसाचा इअरबड बुडवून पिळा आणि पुसा. स्टिकरला पाणी लावू नका. गाडी रात्रभर पंख्याखाली उलटी ठेवा. चाक अडत असेल तर शिलाई मशीनचं तेल टाचणीच्या टोकावर घेऊन आसाला लावा, ओघळ लगेच टिपा. एवढंच. जुना रंग, तो उडालेला असला तरी, नव्या रंगापेक्षा मोलाचा आहे.

गाडी उघडायचीच असेल तर तळाखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. तळ वाकतो, आतला खांब मोडतो. तळ धरून ठेवणाऱ्या रिव्हेटच्या (चेपलेल्या खिळ्याच्या) मधोमध पंचने खूण करा आणि १.६ मिमीच्या बिटने हळू, सरळ ३-४ मिमी खोल भोक पाडा. मग ३ मिमीचं बिट फक्त रिव्हेटची टोपी सुटेपर्यंत फिरवा, त्यापुढे खांब जातो. आत एम-२ टॅप (२ मिमी स्क्रूसाठी आटे पाडायचं हत्यार) फिरवला की बारीक स्क्रूने गाडी पुन्हा बंद होते. पहिला प्रयोग मात्र रस्त्यावरच्या वीस रुपयांच्या भंगार गाडीवर करा.

तळावरचं साल म्हणजे गाडी बनल्याचं साल, हा गैरसमज चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात रोज पैसे घालवतो. ते साल बहुधा त्या साच्याच्या कॉपीराइटचं असतं. तोच साचा पुढे वीस-तीस वर्षं वापरात राहतो. त्याऐवजी तळावरचा देश वाचा. १९६८ च्या हॉट व्हील्सवर अमेरिका किंवा हाँगकाँग असतं. मलेशिया किंवा थायलंड असेल तर ती नंतरचीच. मॅचबॉक्सवर ‘लेस्नी, इंग्लंड’ (मूळ कंपनीचं नाव) असेल तर साधारण १९८२ च्या आधीची.

खिडकीजवळ मांडू नका. ब्लिस्टर (पाकिटाचा पारदर्शक प्लास्टिकचा फुगवटा) पिवळा पडतो, लाल रंग आधी उडतो.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, बंद डब्यात सिलिका जेल हवंच. निळे दाणे गुलाबी झाले की ते दमले.

मऊ टायर प्लास्टिकच्या फळीला चिकटून ती वितळवतात. खाली कागद घाला.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी (ब्रिटिश खेळणी कंपनी) गाडीला आपोआप बारीक तडे जात असतील तर तो ओतकामातल्या शिशाच्या भेसळीचा दोष आहे. त्यावर गोंद, रंग काही चालत नाही. शेजारच्या गाडीला मात्र तो लागत नाही, त्यामुळे फेकू नका. कोरड्या जागी ठेवा आणि कमीत कमी हाताळा.