शिंपला डावा का उजवा, कसं ओळखायचं

पैठणला नाथसागराचं पाणी उतरलं की काठच्या गाळात रिकामे शिंपले दिसतात, एक घ्या अन् जुन्या टूथब्रशनं धुवा. बिजागरी वर धरा, तिच्याजवळचा फुगीर उंचवटा म्हणजे चोच, अन् चोचीच्या मागं जो काळपट चिवट पट्टा असतो ना तो लिगामेंट, तो आपल्याकडं करा, मग डाव्या हाताकडची झडप, म्हणजे शिंपल्याचा अर्धा भाग, डावी. आतून उजेडात तिरपं धरलं की दोन्ही टोकांना स्नायूंचे गुळगुळीत वण दिसतात. बिजागरीच्या आतल्या बाजूला जे छोटे उंचवटे असतात ते दात, ते हळू मोजा, घाईत एक तुटला राव, शिंपल्याचा, माझा नाही. खोल समुद्रातले शिंपलेपण असेच बघायचे, फक्त १९७७ ला गॅलापागोसजवळ अडीच किलोमीटर खोल, गरम झऱ्यांपाशी सापडले ते मोठे पांढरे, त्यांचं मांस हिमोग्लोबिनमुळं लाल अन् कल्ल्यांतले बॅक्टेरियाच त्यांचं जेवण बनवतात.