देवबाग-तारकर्लीला छोट्या होडीतून डॉल्फिन बघताना आणि टिपताना

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत दिसतो तो बहुतेक वेळा हंपबॅक डॉल्फिन: करडा रंग, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटासा पर. पोस्टरवरच्या डॉल्फिनसारख्या उंच उड्या तो क्वचितच मारतो. आधी चोच तिरकी वर येते, मग उंचवटा आणि पर, आणि खोल बुडी मारायची असेल तर शेवटी शेपूट. दोन-तीन सेकंदांत खेळ आटोपतो. म्हणून चोच दिसताक्षणी बटण दाबा. पर दिसेपर्यंत थांबलात तर फोटोत नुसती पाण्यावरची वर्तुळं येतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. उजाडल्या उजाडल्या निघा. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि समुद्र सपाट असतो. दुपारकडे खारा वारा जोर धरतो आणि लाटांच्या पांढऱ्या तुऱ्यांत पर शोधणं जिकिरीचं होतं. कर्ली नदीच्या मुखाजवळ, जिथे गढूळ आणि निळं पाणी भेटतं ती रेघ न्याहाळा. कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी एकाच जागी सूर मारत असतील तर खाली मासळीचा थवा आहे, आणि त्यामागे डॉल्फिन असण्याची शक्यता बरीच.

सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्याशी, तेही होडी सुटण्यापूर्वी. बरेच पर्यटक ‘अजून जवळ घ्या’ म्हणतात, म्हणून तोही पाठलाग करतो. त्याला आधीच सांगा: पाठलाग नको, डॉल्फिन दिसले नाहीत तरी ठरलेले पैसे देऊ. किमान ५० मीटर अंतर ठेवून, त्यांच्या बाजूने, त्यांच्याच दिशेने हळू चालायचं. समोरून आडवं जायचं नाही, मागून रेटायचं नाही, कळपाच्या मधोमध घुसायचं नाही. थांबल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवायचं. सारखं चालू-बंद केलं की आवाज बदलत राहतो आणि ते बिचकतात. पिल्लू दिसलं तर अंतर दुप्पट. तिथे आधीच दोन होड्या असतील तर आपण लांबच थांबावं. बुड्या लांबू लागल्या, शेपटी पाण्यावर आपटू लागल्या किंवा कळप एकदम दाटीने पोहू लागला, तर निघायची वेळ झाली. एरवीही १५-२० मिनिटं पुरेत. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि जगभरातली त्याची अवस्था ‘संकटग्रस्त’ आहे.

पश्चिम किनाऱ्याचा एक मोठा फायदा असा, की सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूला असतो. होडी किनाऱ्याच्या बाजूला ठेवली की उजेड तुमच्या पाठीमागून येतो, आणि डॉल्फिनला खुल्या समुद्राकडची वाट मोकळी राहते. खाडीच्या तोंडात मात्र आडवं थांबू नका.

लेन्स ७०-३०० किंवा १००-४०० मिलिमीटरची घ्या. डुलत्या होडीत ६००मधून डॉल्फिन सापडतच नाही. शटर १/१६०० किंवा त्याहून वेगवान, अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते ८, आयएसओ ऑटो, सलग फोकस आणि बर्स्ट (एकापाठोपाठ भराभर फोटो). फोकसचे सगळे बिंदू चालू ठेवलेत तर कॅमेरा पुढची लाटच पकडतो. मधला छोटा गट निवडा. झूम आधी २००च्या आसपास ठेवा, वर आल्याची जागा कळली की वाढवा. एकदा बुडी मारली की तीच जागा ताणून बघू नका, ते ज्या दिशेला चालले होते तिकडे थोडं पुढे नजर ठेवा. कोपर होडीच्या काठावर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. बसून, कोपरं छातीशी धरून टिपा. मोबाइल असेल तर डिजिटल झूम टाळा आणि ४के व्हिडिओ घ्या. नंतर त्यातली चौकट काढता येते.

लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळा, कॅमेऱ्याचा पट्टा मात्र त्याच्या वरून. समुद्रात लेन्स बदलू नका. परतल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसा आणि मगच लेन्स काढा, नाहीतर जोडणीच्या खाचेत मीठ बसतं. फोटो निवडताना पराचे बाजूने आलेले फोटो साधे वाटले तरी पुसू नका. परावरच्या खाचा आणि डागांवरूनच एकेक डॉल्फिन ओळखता येतो, म्हणून तारीख आणि जागा लिहून ठेवा.