जुन्या पिकअपचे मागचे दिवे: हात घालण्याआधीची तयारी

जुन्या पिकअपचा इंडिकेटर बंद पडला की एक हात बल्बकडे जातो आणि दुसरा खिशाकडे. आधी बल्ब, मग फ्लॅशर (दिव्याची उघडझाप करणारा डबा), मग कॉम्बी स्विच (स्टीअरिंगजवळच्या दांडीचा) असं एकेक बदलत जातात, आणि आठ दिवसांनी दिवा परत मिचमिचतो. दहा-बारा पावसाळे खाल्लेल्या गाडीत दोष बहुतेक वेळा मागच्या अर्थमध्ये, म्हणजे दिव्यातला करंट पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायच्या वाटेत असतो, नाहीतर होल्डरमध्ये, नाहीतर कुणीतरी पिळून टेप मारलेल्या जोडात. त्यामुळे पार्टच्या दुकानात जाण्याआधी तपासणीचं सामान जमवा. पार्ट काय लागतील ते तपासणीच सांगेल.

वेळ ठरवताना पाऊस आणि ऊस दोन्ही बघायला हवेत. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे फिरणारी गाडी मिरगाच्या आधी, मे संपायच्या आत उघडून घ्या. त्या भागातला पाऊस आणि तांबडा चिखल एकदा होल्डरात शिरला की ओल महिनाभर निघत नाही. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या गाड्यांनी दुसरी तपासणी गाळप हंगामाआधी करावी. तेव्हा रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यातल्या निम्म्यांना मागे दिवाच नसतो, आणि त्या अंधारात आपला ब्रेक लाइट मागच्याला दिसणं फार गरजेचं होतं. पासिंग जवळ आलं असेल तर किमान आठवडाभर आधी काम काढा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं, आणि आदल्या रात्री टॉर्च धरून केलेलं वायरिंग दुसऱ्या दिवशी पासिंगच्या मैदानावर दगा देतं.

सामानात सगळ्यात आधी टेस्ट लॅम्प. बाजारात मिळणारा एलईडीचा टेस्टर इथे फसवतो. वायरच्या सात तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो झकास पेटतो, कारण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. त्याऐवजी १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब होल्डरात बसवा, दोन मीटर-मीटरभर वायरी जोडा आणि टोकांना क्रॉकोडाइल क्लिप लावा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे खरा दिवा ओढतो तेवढाच, त्यामुळे कुजलेली वायर लगेच उघडी पडते. फक्त हा टेस्ट लॅम्प इंजिनच्या ईसीएमकडे (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरकडे) जाणाऱ्या वायरींना कधीही लावू नका. त्याशिवाय एक साधा डिजिटल मल्टिमीटर हवा, आणि सहा मीटर लांब, दीड चौरस मिलीमीटरची वायर हवी, जी बॅटरीच्या निगेटिव्हपासून मागच्या लाइटपर्यंत आरामात पोचेल. या लांब वायरीशिवाय अर्थ मोजता येत नाही, आणि नेमकी हीच कुणाकडे नसते.

बाकीचं सामान एका पिशवीत बसतं. १० नंबरचा पाना, चौफुली आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, कटर, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची भोकाची टोपी) दाबायचा पक्कड, १२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, जुना दातघासणीचा ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडं व्हॅसलीन. एक चौरस मिलीमीटरची वायर तीन रंगांत पाच-पाच मीटर, सहा मिलीमीटर भोकाच्या आठ-दहा थिंबल, दातेरी वॉशर, हीट श्रिंक स्लीव (गरम केल्यावर जोडावर आवळणारी नळी) दोन मापांत, वायर घालायची नालीदार नळी आणि वीसेक केबल टाय. सोल्डरिंग करायचं असेल तर सोल्डरिंगची इस्त्री ६० वॅटची घ्या. रेडिओची २५ वॅटची उघड्यावर वाऱ्यात गरमच राहत नाही. बल्बमध्ये इंडिकेटरचे २१ वॅटचे चार, टेल आणि ब्रेकचे एकत्र २१/५ वॅटचे तीन, रिव्हर्सचे दोन, नंबर प्लेटचा ५ वॅटचा एक. फ्यूज ७.५, १०, १५ अँपिअरचे प्रत्येकी दोन-तीन. फ्लॅशर, ब्रेक स्विच, रिव्हर्स स्विच आत्ता आणायचे नाहीत. कणकुंबीसारख्या ठिकाणी गाडी उघडणार असाल तर मात्र दुकान लांब आहे हे धरून दोन होल्डर जास्तीचे न्या.

गाडी सपाट जागी, मागचं तोंड भिंतीकडे करून लावा, म्हणजे संध्याकाळी प्रकाश भिंतीवर दिसतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, कारण रिव्हर्स तपासताना गियर टाकावा लागतो. बॅटरीचे टर्मिनल घट्ट आणि स्वच्छ आहेत का बघा. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे खोटे येतील. ब्रेक दाबायला माणूस नसला तर मोबाइल मागे टेकवून व्हिडिओ लावला तरी चालतं.

काहीही खोलण्याआधी कागदावर लिहून काढा: पार्किंग लावून, मग ब्रेक दाबून, मग डावा इंडिकेटर, उजवा, चारही एकदम, मग रिव्हर्स. प्रत्येक वेळी मागचा कोणता दिवा पेटला, कोणता मंद, कोणता नको तिथे पेटला. निम्मं निदान या कागदावरच होतं. पार्किंग चालू असताना ब्रेक दाबल्यावर दिवा वाढायच्या ऐवजी मंद झाला, किंवा उजव्या इंडिकेटरबरोबर उजवा टेललाइटही उघडझाप करू लागला, तर स्विचकडे बघूच नका. त्या बाजूच्या दिव्याचा अर्थ तुटलाय. करंटला घरी जायची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि दुसऱ्या दिव्यांच्या अर्थमधून परत जातो, म्हणून ही सगळी भुताटकी दिसते.

खात्री करायची तर तो दिवा चालू ठेवूनच मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक लांब वायरीने बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं होल्डरच्या पत्र्याला. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ गेला. दिवा बंद ठेवून मोजलं तर करंटच वाहत नाही, आणि कुजलेला अर्थसुद्धा शून्य दाखवतो. मग तीच लांब वायर काही वेळ होल्डरच्या पत्र्याला थेट लावा. सगळे दिवे शहाण्यासारखे वागू लागले तर काम सापडलं. चेसिसवरचा अर्थचा बोल्ट काढा, रंग आणि गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, नवी थिंबल, दातेरी वॉशर, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आवळण्याआधी ग्रीस थापू नका. हौदा नवा बसवलेल्या किंवा रंगवलेल्या गाडीत हौद्याचा अर्थ रंगावरच आवळलेला असतो. तिथे थेट चेसिसपर्यंत वेगळी वायर ओढणं सगळ्यात टिकाऊ.

बल्ब काढल्यावर त्याच्या बुडाकडे नीट बघा. शिशाचे ठिपके झिजून सपाट झाले असतील किंवा काळे पडले असतील तर बल्ब चांगला असूनही टेकत नाही. होल्डरातली स्प्रिंग गंजून खाली बसली असेल तर घासण्यात वेळ घालवू नका, होल्डर बदला. २१/५ च्या बल्बाच्या दोन पिना खालीवर असतात, तो एकाच बाजूने बसतो. कुणी जोर लावून उलटा बसवला तर पार्किंग लख्ख आणि ब्रेक मंद असा प्रकार होतो. त्याच होल्डरात एका ठिपक्याचा बल्ब कोंबला तर दोन्ही कॉन्टॅक्ट जुळतात आणि ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे पेटतात! पांढऱ्या काचेच्या इंडिकेटरला नारिंगी बल्बच लागतो, आणि त्याच्या पिना समोरासमोर नसतात, त्यामुळे दुकानात जुना बल्ब घेऊनच जा.

इंडिकेटरचं तपासणं चारही एकदम, म्हणजे हॅझर्ड लावून सुरू करा. हॅझर्डला करंट बॅटरीवरून थेट येतो, इंडिकेटरला चावीवरून. हॅझर्ड चालतो पण इंडिकेटर नाही, तर फ्लॅशर चांगला आहे. इंडिकेटरचा फ्यूज बघा, मग हॅझर्डचा खटका. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंट या खटक्यातूनच जातो, आणि वर्षानुवर्षं न दाबल्याने त्याचा आतला कॉन्टॅक्ट काळा पडतो. पंधरा-वीस वेळा दाबून सोडा. तेवढ्याने चालू झाला तर खटका बदलायचा आहे हे कळलं. दोन्हीही चालत नसतील तर फ्लॅशर काढून त्याच्या खोबणीत ४९ आणि ४९ए या दोन जागा वायरच्या तुकड्याने जोडा, दांडी वळवा. दिवे स्थिर पेटले तर फ्लॅशर गेला. तीन पिनांच्या फ्लॅशरमध्ये ३१ नंबरची पिन अर्थची असते, ती आधी बघा, नाहीतर चांगला फ्लॅशर फेकला जातो. उघडझाप मिनिटाला ६० ते १२० च्या दरम्यान हवी. एकच बाजू धडधड चालली तर त्या बाजूचा एक बल्ब उडालाय किंवा टेकत नाही. दोन्ही बाजू धडधडत असतील तर कुणीतरी एलईडी बल्ब घातलेत. फ्लॅशरला दोन २१ वॅटचा भार मिळत नाही. एलईडी ठेवायचेच असतील तर एलईडीचा फ्लॅशर लावा. जाता जाता: चोर्ला घाटाच्या धुक्यात चारही लावून गाडी चालवणाऱ्यांची साइड मागच्याला कळतच नाही. ते उभ्या गाडीसाठी आहेत.

ब्रेक लाइट दोन्ही एकदम गेले तर फ्यूज आणि पॅडलवरचा स्विच. दोन्ही एकाच वेळी उडालेले बल्बही सापडतात, कारण पहिला गेलेला कुणाच्या लक्षातच येत नाही. स्विचच्या दोन वायरी जोडून दिवे पेटले तर स्विच गेला. उलट, दिवे विझतच नसतील तर पॅडलच्या पट्टीवरचं छोटं रबर शोधा. ते वाळून तुकडे होऊन पायाशी पडतं, स्विचचा दांडा त्या भोकात घुसतो, ब्रेक न दाबताही दिवे चालू राहतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. रबर मिळेपर्यंत त्या भोकात योग्य मापाचा बोल्ट बसवून काम भागतं. स्विचचा नट सैल करून असा लावा की पॅडल जेमतेम हलताच दिवा पेटेल, पण मोकळं सोडल्यावर दांडा पूर्ण दाबलेला राहील.

रिव्हर्सचं काम गाडीखाली. इंजिन बंद, चावी चालू, हँडब्रेक ओढलेला, मागचा गियर टाकलेला. गियरबॉक्सवरच्या स्विचचा कपलर (वायरींचा जोड) सोडवून त्याच्या दोन वायरी जोडा. दिवा लागला तर स्विच किंवा कपलरातला चिखल; नाही लागला तर फ्यूज, नाहीतर मागे जाणारी वायर. स्विच काढताना खाली ताट ठेवा, काही गियरबॉक्समधून ऑइल येतं. स्विचखालचा तांब्याचा वॉशर फेकू नका, नवा त्याच जाडीचा घाला: जाड वॉशर पडला की दांडा आत पोचत नाही आणि नवा स्विचही मुका राहतो. गाणं वाजवणारा रिव्हर्स हॉर्न याच वायरीवर टाचलेला असेल तर तो सोडवून मगच तपासा.

फ्यूज परत परत उडत असेल तर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची नाही, मोठा फ्यूजही घालायचा नाही. त्या लाइनचे सगळे बल्ब काढा आणि फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. ब्रेकच्या लाइनवर पॅडल दाबून धरावं लागेल, रिव्हर्सवर गियर टाकून ठेवावा लागेल. लॅम्प लख्ख पेटला म्हणजे वायर कुठेतरी पत्र्याला टेकलीय. आता मागून पुढे येत वायरिंग थोडं थोडं हलवा. लॅम्प विझेल त्या जागी शॉर्ट. मागच्या एक्सलवरची वळणं, सायलेन्सरजवळ वितळलेला भाग, फाळक्याच्या बिजागरीतून नंबर प्लेटकडे जाणारी वायर, चेसिसच्या धारदार भोकाची कड, या चार जागा आधी. गुळाच्या किंवा धान्याच्या गोदामाशेजारी उभी राहणारी गाडी असेल तर उंदरांच्या दातांच्या खुणाही बघा. जुन्या गाडीत वायरींच्या रंगांवर विश्वास नको, आधीच्या वायरमनने हाताला लागेल ती वायर ओढलेली असते. सोडवण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहा. कापण्या-जोडण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा.

बंद करताना दिव्याच्या तळातलं पाणी निघायचं बारीक भोक खालीच आहे ना ते बघा. डावा-उजवा लाइट अदलाबदल होऊन उलटा बसला की भोक वर जातं आणि आत तळं साचतं. जोडांवर श्रिंक स्लीव, वरून नालीदार नळी, फूटभर अंतरावर टाय. मग इंजिन चालू करून, बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसत असताना, पहिल्या कागदावरची सगळी क्रमवारी पुन्हा एकदा. शेवटी गाडी खडबडीत रस्त्यावरून दोन-चार किलोमीटर फिरवून आणा आणि हौद्यात माल भरलेला असताना एकदा बघा, कारण हौदा दबल्यावर ताणली जाणारी वायर रिकाम्या गाडीत सापडत नाही.