कागदी गुलाबाचा कोबी का होतो? या चुका टाळा

"माझा गुलाब सारखा उलगडतोय, काय करू?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आता मी फोटोसुद्धा न बघता उत्तर देते: गोंद सुकेपर्यंत धरला नव्हतात. दुसरा प्रश्न याच्या बरोबर उलटा. "माझा गुलाब कोबीसारखा का दिसतो?"

कार्डावरचा हा वेटोळ्याचा गुलाब दिसतो सोपा, म्हणून सगळे त्यालाच आधी हात घालतात. कागदाचा गोल घ्यायचा, डासांच्या कॉइलसारखा बाहेरून आत कापत न्यायचा, मध्ये रुपयाएवढी चकती ठेवायची आणि पट्टी गुंडाळायची. पहिली चूक इथेच होते. गुंडाळायला सुरुवात बाहेरच्या टोकाकडून करायची असते. मधली चकती शेवटी बुडाला यायला हवी. चकतीपासून सुरू केलंत तर फुलाला बूडच उरत नाही.

दुसरी चूक घाईची. गुंडाळी घट्ट झाली की सुटायच्या भीतीने लोक तशीच चिकटवून टाकतात. तोच तो कोबी. गुंडाळी घट्ट करायची ती सैल सोडण्यासाठीच. मी टूथपिकवर गुंडाळते, टूथपिक काढते, गुंडाळी तळहातावर ठेवते आणि वीस आकडे मोजते. कागद आपणहून सैल होतो आणि वेटोळ्यांमध्ये हवा शिरते. मग वरची कड अंगठ्याने किंचित बाहेर वळवायची, चकतीवर गोंद लावायचा, फूल त्यावर बसवायचं आणि चिमटीत धरून ठेवायचं. गोंद बेताचा, पण सगळ्या वेटोळ्यांच्या कडांना लागला पाहिजे. एक वेटोळं जरी कोरडं राहिलं तरी फूल तिथूनच उलगडतं. हे धरून बसणं कंटाळवाणं आहे, मान्य. ज्यांना एवढाही दम निघत नाही, त्यांनी तयार फुलांचं पाकीट आणावं. मी नावं ठेवणार नाही. (थोडी ठेवीन.)

कागद निवडतानाही अशाच दोन टोकांच्या चुका होतात. घरातला प्रिंटरचा कागद 70-80 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) असतो. त्याची पाकळी दोन दिवसांत मान टाकते. उलट 250 जीएसएमचा कार्डस्टॉक, म्हणजे कार्डाचा जाड कागद, वळवताना मोडतो आणि मोडल्याची पांढरी रेघ कायमची दिसते. मी 120 ते 160 च्या मध्ये राहते. रंगीत कागद घेताना कोपरा फाडून बघा: आत पांढरा निघाला तर प्रत्येक पाकळीची कड पांढरी दिसणार. तो आतपर्यंत रंगीतच हवा.

कागदाला धाग्यांची, म्हणजे आतल्या बारीक तंतूंची, दिशा असते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. कागद न मोडता हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या बाजूने पाकळीही सहज वळते. पाकळीचं टोक मागे वळवायचं असेल तर धागे पाकळीला आडवे हवेत. वेटोळ्याच्या गुलाबात हे जमवता येत नाही, कारण पट्टी गोल फिरते. कधी धाग्यांबरोबर वळते, कधी धाग्यांच्या विरुद्ध. म्हणून तिथे जाड कागद जागोजागी कोपरे धरतो आणि पातळ कागद निमूट वळतो.

आता माझी फजिती. ताईच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा अल्बम करत होते. आदल्या रात्री एक वाजता शेवटच्या पानावर लाल क्रेपची (चुण्यांच्या पातळ कागदाची) अकरा फुलं चिकटवली, गोंद सढळ हाताने. पान फुगू नये म्हणून अल्बम बंद करून वर दोन जाडजूड शब्दकोश ठेवले आणि झोपले. सकाळी उघडला तर फुलांचा भुगा झालेला, आणि त्याहून वाईट म्हणजे ओल्या गोंदाने क्रेपचा रंग सुटून समोरच्या पानावरच्या फोटोवर उतरलेला. बाळाचे दोन्ही गाल गुलाबी ठिपक्यांनी भरलेले. ताईने पान उघडलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याला गोवर कधी झाला गं?"

तेव्हापासून लाल आणि जांभळा क्रेप आधी ओल्या कापसाने पुसून बघते. कापूस रंगला तर तो कागद अल्बममध्ये जात नाही. गोंद टूथपिकच्या टोकाने, ठिपक्याएवढा. पान रात्रभर उघडं. आणि फुगीर फूल जिथे येतं, त्याच्या समोरच्या पानावर त्या जागी फोटो लावत नाही, मग मांडणी कितीही सुंदर दिसत असो.

वर्तमानपत्राच्या कागदाची फुलं दिसतात छान, पण लाकडातून आलेल्या लिग्निन नावाच्या घटकामुळे तो कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. कार्डाला चालेल, जपायच्या फोटोशेजारी ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) कागदच वापरा.

ग्लू गनच्या वितळलेल्या गोंदाचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे हाताने ओढत बसू नका, हेअर ड्रायरच्या गरम वाऱ्याने जातात. मुळात दोन सेंटीमीटरच्या फुलाला ग्लू गन कशाला लागते, हे मला अजून कळलेलं नाही.

पाकळ्या ओल्या करून आकार देत असाल तर पूर्ण सुकल्याशिवाय कडांना शाई लावू नका, पसरते.

कापताना कात्री फिरवू नका, कागद फिरवा.

आणि कार्ड पाठवायचं असेल तर फूल चिकटवायच्या आधी ते कार्डावर नुसतं ठेवून पाकिटात सरकवून बघा. सरकलं नाही तर एकतर चपटं फूल करा, नाहीतर डबी शोधा. तळव्याने दाबून "बसतंय की" म्हणणाऱ्यांची कार्डं मी उघडली आहेत.