ईएसआयच्या कार्डावर घरच्यांची नावं: या चुका टाळा

आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी-पगार बघणाऱ्या ऑफिसात, महिन्याला एक-दोघं तरी हीच तक्रार घेऊन येतात: पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी, कापला जातो, पण त्याच्या दवाखान्यात औषध मिळालं नाही. चौकशी केली की बहुतेक वेळा कळतं, घरच्या माणसाचं नाव कार्डावर चढलेलंच नसतं, नाहीतर चुकीचं चढलेलं असतं. १६,००० पगारावर ०.७५ टक्क्याने तुमचे १२० रुपये जातात आणि ३.२५ टक्क्याने मालक ५२० भरतो. हे पैसे घरच्यांच्या औषधासाठीही आहेत, ते वाया जाऊ देऊ नका.

सर्वात जास्त चुकतं ते नावाच्या स्पेलिंगमध्ये, आणि त्याचा त्रास बायकांना होतो. परवा एका हेल्परच्या बायकोची कागदपत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. आधारवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव. ईएसआयच्या कार्डावर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. जन्मतारखेत महिना आणि दिवस उलटे. संगणकाला या दोन वेगळ्या बायका वाटणार, आधार जोडलं जाणार कसं? आधी आधार दुरुस्त करा, मग त्यातली अक्षरं जशीच्या तशी कार्डावर घ्या. कार्ड आधी बदललं, तर तेच काम दोनदा करावं लागतं.

दुसरी चूक नवी मुंबईच्या टीटीसी या कारखान्यांच्या पट्ट्यात, रबाळे, महापे, तुर्भे भागात सर्रास दिसते. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार घाईघाईत नवा विमा नंबर काढतो. जुना दहा आकडी नंबर सांगायचं कामगाराच्या लक्षात राहत नाही. बायको-मुलांची नावं जुन्या नंबरावर राहतात आणि वर्गणी मात्र नव्या नंबरावर जमा होते. नोकरी बदलली तरी नंबर तोच राहतो, म्हणून कामावर रुजू होतानाच जुन्या कार्डाची झेरॉक्स द्या. दोन नंबर निघालेच असतील तर दोन्ही लिहून ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज करा. ठेकेदार करेल म्हणून थांबू नका, तो पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

आई-वडील गावी आहेत म्हणून त्यांचं नाव घालायचं नाही, हा गैरसमज फार महागात पडतो. आमच्या पॅकिंगमधल्या एकाची आई साताऱ्याकडून घणसोलीला राहायला आली, बीपी आणि साखर दोन्ही. भरतीच्या वेळी ती गावी होती म्हणून त्याने नाव दिलं नव्हतं. ईएसआय दवाखान्याच्या खिडकीवरून परत आला आणि महिनाभराच्या गोळ्या मेडिकलमधून विकत घेतल्या. ईएसआयच्या नोंदणी फॉर्मात ‘सोबत राहतात का’ असा रकानाच आहे. तिथे ‘नाही’ लिहून गावाचं ठिकाण द्यायचं. कुटुंबासाठी वेगळा दवाखानाही निवडता येतो. आई-वडिलांच्या उत्पन्नाला मात्र मर्यादा आहे, तेव्हा पेन्शन असेल तर आधी विचारून घ्या.

बाळाच्या बाबतीत लोक बारशापर्यंत थांबतात, मग आधारसाठी थांबतात आणि वर्ष निघून जातं. लहान लेकराला ताप यायला एवढा वेळ लागत नाही! जन्माची नोंद २१ दिवसांत करा आणि दाखला हातात पडला की त्याच आठवड्यात ऑफिसात आणून द्या.

शिकणाऱ्या मुलाचं नाव २१ वर्षांपर्यंतच चालतं. तुमच्यावर अवलंबून असलेल्या अविवाहित मुलीला वयाची अट नाही, तिचं नाव कुणाच्या सांगण्यावरून काढू नका. पगार मधेच २१,००० या ईएसआयच्या मर्यादेच्या वर गेला, तरी चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, म्हणून घाबरून काही बंद करायला जाऊ नका. कळव्याहून ऐरोलीला घर बदललं असेल तर दवाखानाही बदलून घ्या. मोबाइल नंबर बदलला असेल तर तोही कळवा, नाहीतर ओटीपी जुन्या सिमवर जाईल.

‘सांगितलंय ऑफिसात’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आठ-दहा दिवसांनी कार्डाची नवी प्रिंट काढून मागा आणि घरी सगळ्यांची आधार कार्डं समोर ठेवून एकेक नाव, एकेक तारीख बोट ठेवून वाचा. चूक दिसली तर त्याच प्रिंटवर लाल पेनाने गोल करून माझ्यासारख्या टाइम ऑफिसवाल्याकडे आणून द्या. तोंडी सांगितलेलं स्पेलिंग पुन्हा चुकतं.