गोळ्यांची रिकामी स्ट्रिप टाकू नका

स्किझोफ्रेनियाच्या पेशंटची चिठ्ठी धारवाडच्या डिमहान्सची (मानसिक आजारांचं सरकारी इस्पितळ), गोळ्या घ्यायच्या खानापूर नाहीतर निपाणीत. मग कंपनी बदलते, रंग बदलतो, आणि आधीच संशय घेणारा माणूस "ही माझी गोळी नव्हे" म्हणून हटून बसतो.

१. गोळ्या फोडताना नाव आणि एक्स्पायरीचा कोपरा शेवटपर्यंत राखा. तीच स्ट्रिप चिठ्ठीबरोबर दुकानात न्या.

२. कंपनीनं ठेवलेलं ब्रँडचं नाव सोडा. औषधाचं मूळ नाव (ऑलान्झापिन, रिस्पेरिडोन, जे असेल ते) आणि मिलिग्रॅम जुळवा. मिलिग्रॅम वेगळं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, दुकानदार "अर्धी करून द्या" म्हणाला तरी.

३. घरी जुनी-नवी दोन्ही स्ट्रिप पेशंटच्या हातात द्या, नाव त्यालाच वाचू दे. गुपचूप आमटीत गोळी घालायचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. नकोच; एकदा कळलं की जेवणावरचाही विश्वास उडतो.

सांभाळायचं एकच: क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाचंच एक औषध) ४८ तासांहून जास्त चुकली असेल तर जुन्याच डोसवर परस्पर पुन्हा चालू करू नका, आधी डॉक्टरांना फोन. ते सापडले नाहीत तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, रात्रीही चालू असतं.